आधी छत्री, मग टीव्ही

टीव्हीवरचं चित्र अडकायला लागलं, त्याचे चौकोनी तुकडे पडायला लागले किंवा पडदा निळा होऊन ‘नो सिग्नल’ दिसायला लागलं, की बहुतेक घरांत पहिला निष्कर्ष निघतो तो टीव्ही बिघडल्याचा. दसरा-दिवाळी जवळ असेल तर नव्याची चौकशीही लगेच सुरू होते. नवा टीव्ही घरी येतो, जुन्याच वायरीला जोडला जातो आणि चित्र पुन्हा तसंच अडकतं. म्हणून पैसे काढण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. डिशच्या छत्रीपासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर सर्वांत जास्त झिजतो तो उन्हापावसात असलेला भाग: छत्री, तिच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा एलएनबी आणि तिथून घरात उतरणारी वायर. टीव्ही या वाटेच्या अगदी शेवटी येतो आणि संशयही त्याच्यावर शेवटीच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपला एक जुना समज इथे आडवा येतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं गच्चीवरच्या काड्यांच्या अँटेनावर आपण टीव्ही पाहिला. त्या काळात सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, आणखी कमी झाला की मुंग्या वाढायच्या. दोष हळूहळू दिसायचा. आताचं प्रसारण डिजिटल आहे, त्याची रीत वेगळी. सिग्नल एका ठरावीक मर्यादेच्या वर असेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ दिसतं आणि त्या मर्यादेच्या खाली गेला की एकदम फुटतं किंवा जातं. त्यामुळे ‘कालपर्यंत तर उत्तम दिसत होता’ यावरून सिग्नल भरपूर होता असं ठरत नाही. कदाचित तो महिनोन्‌महिने त्या मर्यादेच्या काठावरच होता आणि काल थोडासा घसरला. जुन्या काड्यांच्या अँटेनाबद्दलही सांगून टाकतो. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं मोजकी सोडून बंद झाली आहेत. ती अँटेना दुरुस्त करण्यात आता खर्च करू नका.

तपासणीची सुरुवात बसल्या जागेवरून होते. टीव्हीच्या रिमोटवरचं मेनू बटण दाबा. मेनूची अक्षरं स्वच्छ आणि रंग नेहमीसारखे दिसले तर पडदा ठीक आहे. पेनड्राइव्हवरचा एखादा व्हिडिओ लावून पाहा. तो नीट चालला तर टीव्हीचा विषय संपला. मग पडद्यावर काय लिहून येतं ते वाचा, कारण सिग्नल नसल्याचं कधी टीव्ही सांगतो आणि कधी बॉक्स. टीव्ही सांगतो तेव्हा साधी पाटी येते, बऱ्याचदा ती पडद्यावर इकडून तिकडे सरकत राहते. तिचा अर्थ असा की सेट टॉप बॉक्सकडून टीव्हीपर्यंतच काही पोचत नाही. बॉक्स बंद असेल, त्याचा अडॅप्टर गेला असेल, एचडीएमआयची वायर ढिली असेल किंवा रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलं जाऊन टीव्ही दुसऱ्याच पोर्टवर गेला असेल. बॉक्स सांगतो तेव्हा सोबत कंपनीचं नाव, चॅनेलची पट्टी किंवा एररचा क्रमांक दिसतो. म्हणजे बॉक्स आणि टीव्ही दोन्ही चालू आहेत, छत्रीकडून काही येत नाही. एवढा फरक कळला तरी कस्टमर केअरशी अर्ध्या तासाचं बोलणं वाचतं.

सगळी चॅनेलं दिसतात आणि एखादंच दिसत नाही, असं असेल तर छत्रीला हात लावू नका. पैसे भरून घेतलेल्या सेवेत ते चॅनेल तुमच्या पॅकमधून गेलेलं असतं. डीडी फ्री डिशवर खासगी चॅनेलांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे यादी बदलत राहते. बॉक्स नव्याने स्कॅन करा. फ्री डिशवरची काही चॅनेलं एमपेग-४ पद्धतीने येतात. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर ती कितीही स्कॅन केलं तरी दिसणार नाहीत. शेजाऱ्यांकडे दिसतं आणि आपल्याकडे नाही, याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बॉक्सच्या मेनूत, सेटिंग किंवा इन्स्टॉलेशनच्या भागात, दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बहुतेक लोक पहिली पट्टी बघून समाधान मानतात. बघायची असते दुसरी. वायरीतून बॉक्सपर्यंत एकूण किती ताकद पोचते ते स्ट्रेंथ दाखवते आणि त्यात निव्वळ गोंगाटही मोजला जातो. छत्रीचं तोंड भलतीकडे असलं तरी स्ट्रेंथ बऱ्यापैकी दिसू शकते. हव्या त्या उपग्रहाचा सिग्नल बॉक्सला किती नीट वाचता येतो ते क्वालिटी दाखवते. स्ट्रेंथ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री हलली आहे, तिच्या वाटेत काही आलं आहे किंवा बॉक्समधली सेटिंग बदलली गेली आहे. दोन्ही शून्य असतील तर वायर तुटली आहे, पिन निघाली आहे किंवा एलएनबी गेला आहे. क्वालिटी सतत वरखाली उड्या मारत असेल तर ढिला नट किंवा ओली पिन शोधा. एखाद्या कोरड्या, निरभ्र दिवशी दोन-तीन चॅनेलांवरचे क्वालिटीचे आकडे कागदावर लिहून बॉक्सच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढे तक्रार उद्भवली की तुलनेला काहीतरी हाताशी राहतं. तंत्रज्ञ येतो तेव्हाही त्याला काम सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा दाखवायला सांगा. आकडा न बघता थेट बॉक्स बदलायला निघालेल्या माणसाला थोडं थांबवलेलं बरं.

वायरीच्या दोषांवर मी जास्त जागा खर्च करणार आहे, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त बिघाड तिथेच असतात. एलएनबीला चालायला वीज लागते आणि ती बॉक्सकडून याच वायरीतून वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. या दोन दाबांवरून एलएनबीला कळतं की उभ्या ध्रुवणाची (पोलरायझेशनची) चॅनेलं हवीत की आडव्या. म्हणून वायर लांब, हलकी किंवा गंजलेली असली की १८ व्होल्ट वरपर्यंत पोचताना कमी पडतात आणि एका गटाची चॅनेलं दिसतात, दुसऱ्या गटाची जातात. अर्धी चॅनेलं गायब झाली की लोक कंपनीला दोष देतात, पण दोष पिनेत बसलेल्या हिरवट किटाचा असू शकतो. पिन उघडण्याआधी बॉक्सचा प्लग काढा, नाहीतर मधली तार बाहेरच्या जाळीला टेकून शॉर्ट होते आणि बॉक्सच जाऊ शकतो. मधली तांब्याची तार पिनेच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर पुढे आलेली हवी. ती काळी किंवा हिरवी पडली असेल तर वायर तेवढी कापून नवी पिन बसवा. वायर पुरेशी ढिली ठेवलेली असली तर हे काम दहा मिनिटांचं आहे.

वायर घेताना आरजी-६ जातीची, ७५ ओहमची घ्या आणि मधली तार भरीव तांब्याची आहे का ते विचारा. स्वस्त वायरीत आत पोलाद असून वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. सिग्नल तिच्यातूनही जातो, पण वीज नेताना ती कमी पडते आणि वायर लांब असेल तेव्हा हा फरक जाणवतो. चांगल्या वायरीतही दर दहा मीटरला सिग्नलचा बराच भाग गळतो. म्हणून गच्चीच्या लांबच्या टोकाला छत्री बसवून तीस-चाळीस मीटर वायर खेळवण्यापेक्षा जवळची जागा शोधावी. मध्ये जोड देऊ नका. द्यावाच लागला तर तो घराच्या आत, कोरड्या जागी द्या. एलएनबीतून निघालेली वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, पिनेत शिरत नाही. पिनेवर रबरी झाकण किंवा पाणी न शिरणारी टेप हवी. साधी काळी टेप दोन उन्हाळ्यांत सुटते. कोकणात आणि महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वानरं छत्रीवर झोके घेतात. तिथे वायर दांड्याला दर हातभर अंतरावर बांधून घ्या.

छत्रीचं तोंड हा दुसरा मोठा विषय. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. टाटा प्ले ८३ अंश पूर्व रेखांशावर, डी-टू-एच ८८वर, डीडी फ्री डिश ९३.५वर, डिश टीव्ही ९५वर आणि एअरटेल १०८.२वर. आपण या सर्वांच्या पश्चिमेला आहोत, त्यामुळे महाराष्ट्र आणि गोव्यातून ते सगळे दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या आकाशात येतात. पुण्याहून फ्री डिशचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच आहे. नागपूरहून तोच १४५ अंशांच्या आसपास येतो, पणजीहून १२७च्या. पुण्यातच सेवा बदलली तर टाटा प्लेसाठी १५३ अंशांकडे आणि ६६ अंश उंच बघावं लागतं, एअरटेलसाठी ११५ अंशांकडे आणि जेमतेम ४५ अंश उंच. याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्या गॅलरीत एक सेवा उत्तम चालते तिथे दुसरी चालेलच असं नाही. पूर्वेला उंच इमारत असेल तर एअरटेलचा सिग्नल तिच्यामागे दडू शकतो आणि टाटा प्लेचा तिच्या वरून येऊ शकतो. जोडणी बदलण्याआधी मोबाईलमधलं होकायंत्र घेऊन, लोखंडी ग्रिलपासून दूर उभं राहून, त्या दिशेचं आकाश मोकळं आहे का ते बघा. फक्त उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे उघडणाऱ्या फ्लॅटच्या खिडकीत छत्री बसवून उपयोग नाही. तिथे गच्चीच हवी. पुनर्विकासानंतर समोर टॉवर उभा राहिला आणि चित्र गेलं, अशा तक्रारीतही छत्रीची जागाच बदलावी लागते.

एक गोष्ट पुष्कळांना फसवते. घरगुती छत्री उपग्रहाच्या बरीच खाली बघत असल्यासारखी दिसते. खरं तर एलएनबी खालच्या बाजूला सरकवून बसवलेला असल्यामुळे ती दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वरचा सिग्नल पकडते. त्यामुळे छत्रीच्या नाकासमोरचं झाड बऱ्याचदा निरुपद्रवी असतं आणि वरून झुकलेली नारळाची झावळी किंवा आंब्याची फांदी खरा अडथळा असते. झाड छाटण्याआधी नेमकी कोणती फांदी नडते ते ठरवा. उन्हाळ्यात चालणारा टीव्ही पालवी फुटल्यावर किंवा पाऊस पडून पानं ओली झाल्यावर अडकत असेल तर संशय झाडावरच घ्या.

वाट मोकळी आहे का हे ओळखायची एक खात्रीची पद्धत आहे. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. फ्री डिशसाठी आपल्याकडे ही वेळ सकाळी अकराच्या आसपास असते. सूर्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो आणि काही मिनिटं चित्र जातं किंवा अडखळतं. हा बिघाड नाही, आपोआप थांबतो. पण त्याच वेळी गच्चीवर जाऊन बघा: छत्रीवरून परावर्तित झालेला उजेड एलएनबीच्या तोंडावर पडत असेल आणि छत्रीवर कुठे पानांची किंवा भिंतीची सावली नसेल, तर दिशाही बरोबर आहे आणि वाटही मोकळी आहे.

छत्री फिरवायची वेळ आली तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मूळ जागी मार्करने खूण करा. साठ सेंटिमीटरची छत्री एका अंशाने हलते तेव्हा तिची कड फक्त अर्धा सेंटिमीटर सरकते, आणि दोन-तीन अंशांत सिग्नल पूर्ण हातचा जातो. इतकंसं हलवा, बॉक्सवरचा आकडा स्थिर व्हायला चार-पाच सेकंद थांबा, मग पुढे सरका. आकडा सर्वांत वर गेला की तिथेच नट आवळा आणि आवळताना तो पुन्हा घसरला नाही ना ते बघा. खांब ओळंब्यात नसेल तर छत्रीवरचे अंशांचे आकडे चुकीचे ठरतात, म्हणून आधी खांब सरळ करा. एलएनबी मात्र तिरका दिसतो म्हणून सरळ करू नका. ध्रुवण जुळावं म्हणून तो मुद्दाम फिरवून बसवलेला असतो.

पावसात चित्र जाण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. हा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपासचा आहे आणि पावसाचे मोठे थेंब तो शोषून घेतात. कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसात काही मिनिटं चित्र जाणं कोणालाही पूर्ण टाळता येत नाही. अंगणात थेंबही नसताना चित्र का जातं, असं विचारलं जातं. सिग्नल तिरका येतो म्हणून. ढगातला पाऊस पाच किलोमीटर उंचीपासून सुरू होत असेल, तर पुण्यासारख्या ठिकाणी सिग्नल आग्नेयेला तीन किलोमीटरपर्यंतच्या पावसातून येतो. तिकडे सर कोसळत असेल तर आपल्याकडे कोरडं असूनही टीव्ही थांबतो. पण पाऊस थांबल्यावर तासाभरातही चित्र परत आलं नाही, किंवा साध्या भुरभुरीतही जात असेल, तर दोष आपल्याकडे आहे: पिनेत पाणी, एलएनबीच्या तोंडावरचं तडकलेलं झाकण किंवा थोडी हललेली छत्री. झाकण तडकलं असेल तर वर प्लास्टिकची पिशवी बांधू नका, ओली पिशवी तोंडालाच चिकटते. एलएनबी बदला, तो फार महाग नसतो.

आता सामान निवडण्याविषयी. कोकणपट्टीत, गोव्यात, सह्याद्रीच्या पावसाळी भागात मी मोठ्या छत्रीच्या बाजूने आहे. साठऐवजी नव्वद सेंटिमीटरच्या छत्रीचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि तेवढाच जास्त सिग्नल गोळा होतो. अनेक सरी त्या जोरावर निभावतात. मात्र मोठी छत्री वाराही जास्त अडवते, तिला जाड खांब आणि भिंतीत पक्के बोल्ट लागतात, आणि तोंड आणखी काटेकोर लावावं लागतं. खाऱ्या हवेत पत्र्याच्या छत्रीचे नट आधी गंजतात, म्हणून गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे नट मागून घ्या. सोलापूर, लातूर, जळगावकडे साठची पुरते. एलएनबीवर छापलेल्या, गोंगाट किती कमी ते सांगणाऱ्या दशांशातल्या आकड्यांवर भाळू नका. युनिव्हर्सल आहे का आणि झाकण घट्ट आहे का एवढं बघा. दोन खोल्यांत दोन बॉक्स हवे असतील तर साध्या स्प्लिटरने वायर फोडू नका. एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो तेव्हा दुसरा १८ मागत असेल तर दोघांचाही गोंधळ होतो. दोन तोंडांचा ट्विन एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर द्या.

फ्री डिशचा बॉक्स घेताना एमपेग-४चा, एचडीएमआय असलेला घ्या. तीन रंगांच्या पिनांचा जुना बॉक्स नव्या टीव्हीला जोडताना अडचण येते, कारण अनेक नव्या टीव्हींना त्या पिनांऐवजी एकच बारीक छिद्र असतं आणि त्याची जोडवायर कंपनीनुसार वेगळी असते. काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ असं लिहिलेलं असेल तर फ्री डिशच्या मोफत चॅनेलांसाठी वेगळा बॉक्स न लावताही काम भागू शकतं.

टीव्हीचा आकार ठरवताना आधी बसण्याचं अंतर मोजा, आणि मुख्यतः काय बघणार ते ठरवा. फ्री डिशवरची आणि केबलवरची बरीच चॅनेलं साध्या प्रतीची असतात, ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची. तेच चित्र ५५ इंचांच्या फोर-के पडद्यावर ताणलं की पुसट दिसतं, आणि त्यात टीव्हीचा दोष नसतो. घरात प्रामुख्याने डीडी सह्याद्री, बातम्या आणि मालिका बघितल्या जात असतील आणि सोफा सहा-सात फुटांवर असेल, तर ३२ इंच पुरेसा आहे. इंटरनेटवरून सिनेमे आणि क्रिकेट बघायचं असेल तर ४३ किंवा ५५ इंचांचा फोर-के घ्यायला हरकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे लहान-मोठ्यांत आता कराचा फरक उरलेला नाही. हॉलमध्ये माणसं बाजूला, खाली, कोपऱ्यात बसत असतील तर आयपीएस पडदा घ्या, बाजूने बघताना त्याचे रंग फारसे उतरत नाहीत. समोरून आणि अंधारात बघणार असाल तर व्हीए पडद्याचा काळा रंग जास्त गडद दिसतो. क्यूएलईडी नावाचा पडदाही मुळात एलसीडीच असतो; ओएलईडी ही वेगळी आणि महाग जात आहे. दुकानातला टीव्ही भडक ‘व्हिव्हिड’वर ठेवलेला असतो, तो ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर करायला सांगा आणि साधं चॅनेल लावून दाखवायला सांगा. फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही, म्हणून डिलिव्हरी देणाऱ्यासमोरच खोकं उघडून टीव्ही चालू करून घ्या.

वळवाच्या पावसाआधी विजा कडाडायच्या आतच टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग काढा, शिवाय छत्रीची वायरही बॉक्सपासून सोडवून ठेवा. स्पाइक गार्ड घरच्या वीजजोडणीतले चढउतार काही प्रमाणात सांभाळतो, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा इलाज चालत नाही. गच्चीवरची सगळी कामं, नट आवळणं, पिना बदलणं, मे महिन्यातच उरकून घ्या. ओल्या पत्र्यावर किंवा कठड्यावर उभं राहून छत्रीला हात लावू नका. छत्रीच्या दांड्याच्या आवाक्यात विजेच्या तारा येत असतील तर ती जागाच सोडा आणि छत्री जाणकार माणसाकडून दुसरीकडे बसवून घ्या.